‘हा मेल पुढे पाठवा, एका मुलीचा जीव वाचेल’: असा मेल आला तर काय करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे. मामांनी नात्यातल्या आणि ओळखीतल्या तीस-चाळीस जणांना एक मेल पाठवलाय. सात वर्षांच्या मुलीला कर्करोग आहे, हा मेल जितक्या जणांना जाईल तितक्या वेळा एक मोठी संस्था तिच्या उपचारासाठी तीन सेंट देणार आहे, असं त्यात लिहिलंय. खाली एका डॉक्टरांचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर आहे, सर्वांत शेवटी ‘थेट मदत करायची असल्यास’ म्हणून एक लिंक आहे. तुम्हाला मेल खोटा वाटतोय, पण डॉक्टरांचं नाव बघून खात्री डळमळतेय. पुढे पाठवला नाही तर मनाला लागतं, आणि मामांना ‘हे खोटं आहे’ म्हणायचं तर ते दुखावतील.

आधी लगेच उपयोगी पडेल ते सांगतो. मेल पुढे पाठवू नका, लिंक उघडू नका, आणि मामांनी त्या लिंकवर पैसे भरलेत का हे आजच फोन करून विचारा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी बरीच वर्षं संस्था आणि कार्यालयांच्या मेल यंत्रणा सांभाळतो. असे मेल दर काही महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे आणून ‘हे खरं आहे का हो?’ असं विचारतं. माझ्या मते इथे प्रश्नच चुकीचा विचारला जातो. कुठल्या तरी गावात अमुक नावाची मुलगी आजारी आहे की नाही, हे तुम्ही घरबसल्या ठरवू शकत नाही, मीही नाही. पण दुसरा एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिनिटभरात मिळतं: हा मेल मला नेमकं काय करायला सांगतोय, आणि मी ते केलं तर मदत त्या मुलीपर्यंत कोणत्या वाटेने पोचेल? ती वाट दाखवता आली नाही, तर मुलगी खरी असो वा नसो, तुमच्या फॉरवर्डचा तिला काहीही उपयोग नाही. हे एकदा पटलं की मनाला लागायचंही बरंचसं थांबतं.

आता तुमच्या मेलमधली वाट तपासू. तुम्ही मेल फॉरवर्ड करता तेव्हा तुमच्या सेवेचा सर्व्हर तो समोरच्याच्या सर्व्हरला देतो. व्यवहार तेवढाच. प्रत्येक फॉरवर्ड हा तांत्रिकदृष्ट्या नवा, स्वतंत्र मेल असतो. त्याची नोंद तुमच्या सर्व्हरवर आणि घेणाऱ्याच्या सर्व्हरवर राहते, तिसऱ्या कुठल्या संस्थेकडे जात नाही. जगातले सगळे फॉरवर्ड मोजणारं मध्यवर्ती यंत्र कुठेच नाही. म्हणजे ज्या आकड्यावर तीन सेंटांचा हिशोब करायचा, तो आकडाच त्या संस्थेला कधी कळणार नाही.

यावर कुणीतरी म्हणतं, ‘पण कंपन्यांना आपण मेल उघडला हे कळतं ना?’ कळतं, काही प्रमाणात. जाहिरातीच्या मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक इवलंसं चित्र ठेवतात. मेल उघडला की ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि तिथे नोंद होते. पण त्यातून फार तर ‘उघडला’ एवढंच समजतं. जीमेल 2013 पासून अशी चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवतं, आणि ॲपलच्या मेल ॲपमध्ये 2021 पासून अशी सोय आहे की तुम्ही मेल उघडा वा न उघडा, चित्र आधीच उतरवून घेतलं जातं. त्यामुळे ती नोंदही आता फारशी भरवशाची राहिलेली नाही. आणि मामांनी पाठवलेला मजकूर तुम्ही दहा जणांना पाठवला, त्यांनी आणखी शंभरांना, ही साखळी मोजून त्यावर पैसे वाटणं या चित्रालाही जमत नाही. 1997 मध्ये बिल गेट्स यांच्या नावाने एक मेल फिरला होता: आम्ही मेलचा माग काढणारा प्रोग्रॅम तपासतोय, हा मेल हजार जणांपर्यंत पोचला तर यादीतल्या प्रत्येकाला 1000 डॉलर मिळतील. तो एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून लिहिला होता. कंपन्यांची नावं आणि रकमा बदलत तो पुढे कित्येक वर्षं फिरत राहिला.

हिशोबाच्या बाजूनेही बघा. प्रत्येकाने दहा जणांना पाठवायचं म्हटलं तर पहिल्या फेरीत दहा मेल, दुसऱ्या फेरीत शंभर, आणि नवव्या फेरीत 100 कोटी. तीन सेंटांच्या दराने त्या एकाच फेरीचे 3 कोटी डॉलर झाले. दहाव्या फेरीत आकडा जगाच्या लोकसंख्येच्याही पुढे जातो. किती पैसे द्यावे लागतील याला वरची मर्यादाच नाही, अशा वचनावर कुठल्याही संस्थेचे विश्वस्त सही करणार नाहीत. ‘तुम्ही अमुक करा, आम्ही तेवढीच भर घालू’ अशा खऱ्या मोहिमा असतात, नाही असं नाही. पण त्यांत जास्तीत जास्त रक्कम ठरलेली असते, शेवटची तारीख असते, आणि हे सगळं त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं.

मला या मजकुराची खरी चीड येते ती आणखी एका कारणाने. तो वाचणाऱ्याला असं मानायला लावतो की एका संस्थेकडे मुलीच्या उपचारापुरते पैसे तयार आहेत, पण लोकांनी बटण दाबेपर्यंत ती ते अडवून बसणार आहे. रुग्णांसाठी काम करणारी माणसं असं वागत नाहीत. हा त्यांच्यावरचा गंभीर आरोप आहे, आणि तो पुढे पाठवताना आपल्या लक्षातही येत नाही.

तुमच्या मेलचं मूळही ओळखीचं आहे. सात वर्षांची मुलगी, कर्करोग, प्रत्येक नावामागे तीन सेंट, हा साचा 1997 पासून फिरतोय. तेव्हा त्यात अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं नाव घातलं होतं. आमचा याच्याशी काहीही संबंध नाही, असं त्या संस्थेला जाहीरपणे सांगावं लागलं. पुढे मुलीचं नाव बदललं, आजार बदलला, कधी मुलीचा मुलगा झाला, संस्था बदलली. तीन सेंट मात्र बऱ्याच आवृत्त्यांत तसेच राहिले.

पण असा प्रत्येक मेल पहिल्यापासून खोटाच असतो, असं मी म्हणणार नाही. काहींच्या मुळाशी खरं माणूस असतं, आणि ते प्रकरण जास्त गुंतागुंतीचं होतं. 1989 मध्ये ब्रिटनमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं. ‘लवकर बरा हो’ असं सांगणारी सर्वांत जास्त शुभेच्छापत्रं मिळवून गिनीज बुकात नाव नोंदवायचं, अशी कल्पना त्याच्यासाठी निघाली. आवाहन पत्रांतून, फॅक्समधून, वर्तमानपत्रांतून जगभर गेलं. 1990 मध्ये विक्रम झाला, आणि 1991 च्या मेपर्यंत 3 कोटी 30 लाखांवर पत्रं आली. 1991 मध्येच अमेरिकेत शस्त्रक्रिया होऊन त्याची गाठ काढली गेली आणि मुलगा वाचला. आवाहनाचं काम इथे संपलं. आवाहन संपलं नाही. आता पुरे, असं कुटुंबाने सांगून झालं, गिनीजने तो विक्रमाचा प्रकारच बंद केला, तरी पत्रं येत राहिली. आवाहन ईमेलमध्ये शिरलं, त्याच्या नावाचं स्पेलिंग बदललं, शुभेच्छापत्रांच्या जागी व्हिजिटिंग कार्डं मागितली जाऊ लागली, आणि मेक-अ-विश फाउंडेशन या संस्थेचं नाव त्याला चिकटलं. त्या संस्थेचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. ज्यांचं काम गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करण्याचं, त्यांना वर्षानुवर्षं ‘कृपया कार्डं पाठवू नका’ हे सांगण्यात वेळ घालवावा लागला. तो मुलगा मोठा झाला आणि 2020 मध्ये, वयाच्या चाळिशीत, वारला. ‘मृत्युशय्येवरचा सात वर्षांचा मुलगा’ म्हणून त्याचं आवाहन तो चांगला धडधाकट असताना लोकांच्या मेलबॉक्समध्ये येत होतं.

म्हणून मी असे मेल दोन नव्हे, तीन ढिगांत टाकतो: बनावट, खरे पण शिळे, आणि खरे व ताजे. दुसऱ्या ढिगातले सर्वांत फसवे असतात, कारण शोधाशोध केली तर ‘हो, असा मुलगा होता’ असं सापडतं आणि आपण निर्धास्त होऊन पुढे पाठवतो.

रक्ताच्या मागणीचंही हेच होतं. रक्ताची गरज तासांत किंवा फार तर दिवसांत भागते. मेलवर तारीख नसेल, ‘उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे’ एवढंच असेल, तर ते ‘उद्या’ तीन वर्षांपूर्वीचं असू शकतं. खाली दिलेला नंबर एखाद्या नातेवाइकाचा असतो आणि त्याला पुढे महिनोन्‌महिने फोन येत राहतात, कधी ज्याच्यासाठी रक्त हवं होतं तो माणूस गेल्यानंतरही. हरवलेल्या मुलांच्या फोटोंचंही तसंच. मूल घरी येतं, फोटो फिरतच राहतो. अशा वेळी तारीख, रुग्णालयाचं किंवा पोलीस ठाण्याचं नाव, आणि त्या ठिकाणचा अधिकृत नंबर या तीन गोष्टी बघाव्यात. मेलमधला नंबर सोडून रुग्णालयाच्या रक्तपेढीला त्यांच्या जाहीर नंबरवर फोन करावा. गरज खरी असेल तर एका फोनमध्ये कळतं आणि तुम्ही थेट जाऊन रक्त देऊ शकता. इथे वाट आहे, म्हणून इथे धावपळ करण्यात अर्थ आहे.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण अनेकांना वाटतं की साखळीपत्रं म्हणजे मुळातच लबाडी. 1888 मध्ये शिकागोतल्या एका मिशनरी प्रशिक्षण शाळेने पैसे उभे करायला असंच पत्र काढलं होतं: शाळेला दहा सेंट पाठवा आणि या पत्राच्या तीन प्रती करून मित्रांना द्या. तो प्रामाणिक प्रयत्न होता आणि त्यातून शाळेला खरोखर पैसे मिळाले, कारण प्रत्येक वाचकाचं दहा सेंटांचं नाणं टपालाने शाळेपर्यंत जात होतं. तुमच्या मेलमध्ये प्रती काढायचं काम तेवढं उरलंय. नाण्याची जागा एका अशा वचनाने घेतलीय जे कुणीच दिलेलं नाही.

आता मजकूर वाचताना काय बघायचं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं संगणक सुरक्षा पथक नव्वदच्या दशकात लोकांना तीन भाग शोधायला सांगायचं: गळ, धाक आणि मागणी. आजही हे तीन भाग तितकेच स्पष्ट दिसतात. गळ म्हणजे पहिली दोन-तीन वाक्यं, मुलगी, आजार, आईचे अश्रू. धाक म्हणजे ‘ज्याने पुढे पाठवला नाही त्याला काळीज नाही’. जुन्या पत्रांत ‘साखळी तोडलीत तर संकट येईल’ असायचं, आता अपराधीपणाची भीती घालतात. आणि मागणी म्हणजे ‘तुमच्या यादीतल्या सर्वांना पाठवा’. मला या तिघांत धाक सर्वांत बोलका वाटतो. खरोखर मदत हवी असलेले आईवडील अनोळखी माणसाला शिव्याशाप देत नाहीत. ते खर्चाचा अंदाज देतात, रुग्णालय सांगतात, आभार मानतात.

मजकुरात काय नाही हेही बघा. आजाराचं नेमकं नाव नाही, रुग्णालयाचा विभाग नाही, वर्ष नाही. ‘गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं’ हे वाक्य कोणत्याही वर्षी ताजंच वाटतं. असा मजकूर शिळा होत नाही, म्हणून तर तो टिकतो.

आणि ते डॉक्टर? तुमची खात्री तिथेच डळमळली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. अशी नावं मेलला कशी चिकटतात हे मी जवळून बघितलंय. एका रुग्णालयातल्या कार्यालयीन कर्मचाऱ्याला घरून असा मेल आला. त्यांनी तो कामाच्या खात्यावरून मैत्रिणींना पाठवला. त्या खात्याला आपोआप जोडली जाणारी सही होती: नाव, हुद्दा, विभाग, रुग्णालय, थेट फोन नंबर. फॉरवर्ड करताना वरचा ‘पाठवणारा’ भाग कुणीतरी नीटनेटकेपणासाठी काढून टाकला आणि सही तळाशी राहिली. पुढच्या वाचकाला वाटलं, रुग्णालयातल्या जबाबदार व्यक्तीनेच हे लिहिलंय. त्या बाईंच्या टेबलावरचा फोन वाजू लागला. लोक मुलीची प्रकृती विचारत होते, पैसे कुठे पाठवू विचारत होते, आणि खोटं आहे म्हटल्यावर काही जण त्यांच्यावरच ओरडत होते. शेवटी तो नंबर बदलावा लागला. कुणी मुद्दाम लबाडी केली नव्हती. खाली एखाद्या प्राध्यापकाचं, वकिलाचं किंवा डॉक्टरांचं नाव दिसलं की मी आता आधी हेच गृहीत धरतो: हा लेखक नसून साखळीतला एक फॉरवर्ड करणारा असावा. तुम्हीही त्या डॉक्टरांना फोन करू नका. खातरजमा करायचीच असेल तर रुग्णालयाच्या मुख्य नंबरवर किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर करा, आणि तो पत्ता मेलमधून न घेता स्वतः शोधा.

शोधायची सोपी रीत अशी. मेलमधलं एखादं विचित्र किंवा वेगळं वाक्य घ्या, सात-आठ शब्दांचं, आणि अवतरणचिन्हांत घालून शोधा. नाव घेऊ नका, नावं बदलतात, वाक्यरचना टिकते. मजकूर भाषांतरित वाटत असेल तर ‘तीन सेंट’, ‘सात वर्षांची मुलगी’, ‘फॉरवर्ड’ असे तुकडे इंग्रजीतही शोधून बघा. अफवा तपासणारी स्नोप्ससारखी संकेतस्थळं नव्वदच्या दशकापासून हे मजकूर नोंदवून ठेवताहेत, त्यामुळे जुना माल असेल तर लगेच सापडतो. फोटो असेल तर उलट चित्रशोध करा, म्हणजे शब्दांऐवजी तो फोटोच शोधयंत्रात टाकून आणखी कुठे आहे ते बघा. तोच फोटो वेगवेगळ्या नावांखाली आणि आजारांखाली दिसला तर पुढे काही तपासायची गरज नाही. असे फोटो बहुतेक वेळा कुणाच्या तरी खऱ्या मुलाचे असतात, आईवडिलांना न विचारता उचललेले. त्या आईवडिलांचा विचार करा. आपल्या मुलाचा चेहरा अनोळखी नावाने, ‘मरणासन्न’ म्हणून जगभर फिरताना त्यांना बघावा लागतो.

इथपर्यंतचं सगळं फक्त फॉरवर्ड मागणाऱ्या मेलबद्दल झालं. तुमच्या मेलमध्ये लिंक आहे, आणि त्यामुळे त्याचं गांभीर्य वाढतं. जुन्या, लोकांच्या मनाला भिडलेल्या मजकुराला कुणीतरी नवी लिंक जोडतं. नातेवाईक तो मजकूर विश्वासाने पसरवतात आणि पैसे तिसऱ्याच खिशात जातात. मोठा पूर किंवा भूकंप झाला की काही दिवसांत असे मेल येऊ लागतात.

लिंकवर क्लिक न करता, संगणकावर तिच्यावर माउस नुसता धरा. खरा पत्ता कोपऱ्यात दिसतो. फोनवर बोट दाबून धरलं तर दिसतो, पण त्यात चुकून लिंक उघडायचा धोका आहे, म्हणून हे संगणकावर करा. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ येण्याआधीचा शेवटचा भाग महत्त्वाचा. सुरुवातीला प्रसिद्ध संस्थेचं नाव असेल आणि त्या रेघेआधी भलतंच नाव असेल, तर ते पान त्या भलत्याच्या मालकीचं आहे. मग पाठवणाऱ्याचा पत्ता बघा. दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. ‘उत्तर कुठे जाईल’ तो पत्ता वेगळाच, एखाद्या फुकट खात्याचा असेल, तर शंका घ्या.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी मेलचा मूळ हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी त्याच्या प्रवासाची तांत्रिक नोंद, उघडावा. त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट नाही ना हे बघणाऱ्या तपासण्यांचे निकाल असतात. पण त्या निकालांचा अर्थ नीट समजून घ्या, कारण इथे जाणकारही गडबडतात. तपासणी पास झाली याचा अर्थ मेल ज्या डोमेनचं (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचं) नाव सांगतोय तिथूनच निघाला, एवढाच. आतला मजकूर खरा आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. फसवणाऱ्याने स्वतःचं डोमेन घेऊन नीट मांडणी केली असेल तर त्याचेही तीनही निकाल पास येतील. मामांनी फॉरवर्ड केलेल्या मेलचा हेडर तर फक्त मामांच्या खात्याविषयी सांगेल, मूळ पाठवणाऱ्याविषयी काहीच नाही.

पैसे कसे मागितलेत हेही बरंच सांगून जातं. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्यात ताबडतोब भरणा, यांपैकी काही असेल तर मी पुढे वाचतही नाही. लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवरची आवाहनं मात्र सरसकट खोटी म्हणता येत नाहीत. अनेक कुटुंबांना तोच आधार असतो. तिथे मी एकच गोष्ट आग्रहाने बघतो: माझ्या ओळखीचं कुणी त्या कुटुंबाला प्रत्यक्ष ओळखतं का? ‘मित्राच्या मित्राला आलेला मेल’ ही ओळख नव्हे. ओळखणारं कुणी नसेल आणि तरी द्यावंसं वाटत असेल, तर आवाहन कुणी उघडलंय आणि रक्कम थेट रुग्णालयाकडे जाते का ते बघून ठरवा. नाहीतर लिंक बाजूला ठेवून त्याच आजारावर काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला तिच्या संकेतस्थळावरून द्या.

‘खोटं असलं तरी पुढे पाठवायला काय जातं?’ हे वाक्य तुम्हाला घरात नक्की ऐकू येईल. जातं ते असं. मामांच्या मेलमध्ये तीस-चाळीस जणांचे पत्ते उघडे दिसताहेत. तो मेल पाच हातांतून गेला तर शेकडो पत्त्यांची यादी तयार होते, आणि तीत एक खातं जरी चोराच्या हाती लागलेलं असलं तरी ती यादी स्पॅम करणाऱ्यांकडे जाते. शिवाय या यादीतली माणसं भावनिक आवाहनाला प्रतिसाद देणारी आहेत, हेही त्यांना आयतं कळतं. इंटरनेटवर कसं वागावं याची जी मार्गदर्शक टिपणं 1995 मध्ये आरएफसी 1855 म्हणून प्रसिद्ध झाली, त्यांत तेव्हाच लिहिलंय की साखळीपत्रं मेलने कधीही पाठवू नका. आणि सर्वांत मोठं नुकसान त्यांचं, ज्यांना खरोखर मदत हवी असते. दहा खोटे मेल बघून झालेला माणूस अकरावा खरा मेल न वाचताच पुसतो. मी त्याला दोष देत नाही, पण ते कुटुंब तिकडे वाट बघत असतं.

आता मामा. तांत्रिक भागापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण इथे चूक झाली तर माणूस दुरावतो. मामांनी हे चांगल्या मनाने पाठवलंय. सर्वांना उत्तर देऊन त्यांना खोटं पाडलंत तर ते मेल तपासायला शिकणार नाहीत, पुढच्या वेळी तुमचं नाव वगळून पाठवतील. नुसती एखाद्या संकेतस्थळाची लिंक चिकटवणंही तसंच बोचतं. फक्त त्यांना लिहा, किंवा फोन करा. मी लिहिलं असतं तर साधारण असं:

‘मामा, तुमचा मेल वाचला. त्या मुलीबद्दल वाचून मलाही कसंतरी झालं म्हणून जरा शोधलं. हा मजकूर 1997 पासून नावं बदलून फिरतोय, आणि फॉरवर्ड मोजून पैसे देणारी कुठलीही संस्था नाही. खालची लिंक मात्र कुणीतरी नंतर जोडलेली दिसते, ती मला धोक्याची वाटते. तुम्ही तिथे काही भरलं असेल तर मला लगेच सांगा, बँकेशी बोलू. तुम्हाला कर्करोगाच्या मुलांसाठी काही करायचं असेल तर आपण दोघं मिळून एखादी खात्रीची संस्था शोधू आणि तिथे देऊ.’

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. माणूस मेल पुढे पाठवतो कारण त्याला काहीतरी करायचं असतं. ते ‘काहीतरी’ काढून घेतलं आणि बदल्यात काहीच दिलं नाही, तर पुढचा मेल येताच तो पुन्हा तेच करेल.

एका बाबतीत माझं मत बदलतं. लिंकवर पैसे जात असतील तर बाकीच्या तीस-चाळीस जणांनाही लवकर कळायला हवं. तरीही आधी मामांना फोन करा आणि दुरुस्तीचा मेल त्यांनाच पाठवू द्या: ‘मी पाठवलेला मेल खरा नाही असं कळलं, लिंक उघडू नका, पुढे पाठवू नका.’ तीन ओळी पुरेत. पत्ते बीसीसीमध्ये घालायला सांगा, म्हणजे ते एकमेकांना दिसणार नाहीत. ते संध्याकाळपर्यंत भेटलेच नाहीत तर मात्र तुम्ही सर्वांना लिहा, त्यांचा मान राखून. त्यांचा रुसवा नंतर काढता येईल.

कुणी आधीच पैसे भरले असतील तर पहिला फोन बँकेला, मग तुमच्या देशातल्या सायबर पोलिसांकडे तक्रार. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. कार्डाचा तपशील दिला असेल तर कार्ड बंद करा, पासवर्ड दिला असेल तर तो पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथे सगळीकडे बदला. मेल पुसू नका, तो पुरावा आहे. आणि ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा’ असं सांगणारा कुणी आला तर ती त्याच फसवणुकीची दुसरी फेरी समजा; एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

लिंक असलेला मेल तुमच्या मेल सेवेत ‘फिशिंग’ (म्हणजे फसवून पैसे किंवा माहिती काढणारा मेल) म्हणून कळवा. मात्र थेट मामांकडून आलेल्या मेलवर ते बटण दाबू नका, नाहीतर उद्या त्यांचे साधे मेलही स्पॅममध्ये जातील. मामांना तो जिथून आला असेल तिथला मूळ मेल सापडला तर त्यावर दाबायला त्यांना सांगा. ज्या संस्थेचं नाव वापरलंय तिलाही तिच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर एक प्रत पाठवा, पण आधी तिथे याबद्दल सूचना आहे का ते बघा. असेल तर पुन्हा लिहून त्यांचं काम वाढवू नका. आणि कार्यालयाच्या खात्यावर आला असेल तर तुमच्या मेल यंत्रणा बघणाऱ्यांना कळवा. एका कळवण्यावरून आम्ही ती लिंक सगळ्यांसाठी एकदम बंद करू शकतो.

मामांशी बोलणं झालं की लिंकचा पत्ता इथे कळवा, पण क्लिक करता येणार नाही असा, ठिपक्यांच्या जागी ‘डॉट’ लिहून. ते डोमेन कधी नोंदवलं गेलंय ते मी बघून सांगतो. काही दिवसांपूर्वीचंच निघालं तर यादीतल्या बाकीच्यांना फोन करायला थांबू नका.